३२ नंबरचा एरर: ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ या वाक्याचा इतिहास

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका एरर मेसेजवर आहे. तुम्ही एखादी फाइल डिलीट करायला जाता, किंवा तिचं नाव बदलायला जाता, आणि विंडोज म्हणतं की ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, आधी ती बंद करा. कुठल्या प्रोग्रॅममध्ये, ते बरेचदा सांगतच नाही. आपण दिसेल ते सगळं बंद करतो, तरी तेच. शेवटी वैतागून रीस्टार्ट.

पायथॉन लिहिणाऱ्यांना हाच मेसेज ‘विनएरर ३२’ या नावानं भेटतो. हा ३२ आकडा आला कुठून, म्हणून शोधायला बसले आणि थेट १९८४ मध्ये पोचले. तिथून आणखी मागे, १९६४ पर्यंत. तो सगळा प्रवास आज सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. ती झाली नसती तर मी या विषयाकडे वळलेच नसते.

मार्चएंड, २०१५

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा तालुक्याच्या गावी एका छोट्या पतसंस्थेत कामाला. तिथला पिग्मीचा हिशोब एका एक्सेल फाइलमध्ये असायचा. पिग्मी म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते: एजंट रोज दुकानोदुकानी, हातगाडीपाशी फिरून दहा, वीस, पन्नास रुपये गोळा करतो, ग्राहकाच्या कार्डावर लिहून देतो आणि संध्याकाळी संस्थेत भरतो. त्या नोंदींची फाइल मुख्य कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये होती आणि ऑफिसातले दोन-तीन जण आपापल्या टेबलावरून ती उघडायचे.

मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. बाबा म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाली ना, मग आमचे व्याजाचे फॉर्म्युले जरा बघून दे.” फाइल उघडली तर मेसेज आला: ही फाइल अमुक यांनी संपादनासाठी लॉक केलेली आहे, नुसती वाचण्यासाठी उघडायची का? अमुक म्हणजे कॅशियर काकू. त्या माझ्यापासून दहा फुटांवर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं नाही. फाइल ‘रीड ओन्ली’ उघडली, दुसऱ्या नावानं सेव्ह केली, दुपारभर फॉर्म्युले नीट केले. संध्याकाळी काकू त्यांची फाइल बंद करून घरी गेल्या, तेव्हा माझी प्रत जुन्या नावानं तिथे ठेवून दिली. विंडोजनं विचारलं, आधीची फाइल बदलू का? मी म्हटलं, हो.

त्या दुपारी काकूंनी एक्केचाळीस नोंदी भरल्या होत्या. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक भाजीवाल्या मावशी पैसे काढायला आल्या. मुलीची फी भरायची होती. स्क्रीनवरची शिल्लक आणि त्यांच्या कार्डावरची शिल्लक जुळेना. “म्हणजे माझे पैसे गेले का?” असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. काकूंनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मग कार्ड हातात घेतलं आणि म्हणाल्या, “कार्डावर आहेत ना मावशी, मग आहेत. बसा.”

पुढचे दोन दिवस एजंटांच्या पावत्या समोर घेऊन मी एकेक नोंद परत भरली. भरताना डोक्यात एकच प्रश्न होता. लॉक होतं, त्यानं मला अडवलंही होतं. मग नोंदी गेल्या कशा? याचं उत्तर १९७४ मध्येच कुणीतरी लिहून ठेवलंय, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तिथे जाऊच, पण क्रमानं.

रोजकीर्द आणि मेनफ्रेम

कागदावर हिशोब होता तेव्हा लॉक नावाची गोष्ट वेगळी करावी लागत नव्हती. रोजकीर्द एकच. ती ज्याच्या पुढ्यात, तोच लिहिणार. दुसऱ्याला लिहायचं असेल तर म्हणावं लागायचं, “झालं की इकडे द्या.” वही म्हणजेच लॉक.

कॉम्प्युटर एका वेळी एकच काम करत होता तोवर तिथेही हा प्रश्न नव्हता. एका मशीनवर अनेक कामं एकत्र चालायला लागली तेव्हा तो उभा राहिला. १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली. तिच्यावर काम द्यायचं तर पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा, आणि त्यातल्या काही कार्डांवर लिहायचं की मला कुठकुठल्या फाइली लागणार आहेत आणि कशा लागणार आहेत. त्यात ‘डिस्प’ नावाचा एक रकाना असायचा. तिथे ‘एसएचआर’ लिहिलं तर अर्थ असा की मी वाचणार आहे, इतरांनीही खुशाल वाचावं. ‘ओल्ड’ लिहिलं तर अर्थ असा की फाइल आधीपासून आहे आणि माझं काम होईपर्यंत ती फक्त माझी.

यातली मला आवडलेली गोष्ट अशी की काम सुरू होण्याच्या आधी सिस्टिम त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली त्याच्या नावे करून द्यायची. एखादी दुसऱ्याकडे असेल तर काम सुरूच व्हायचं नाही, रांगेत थांबायचं. कारण समजा, माझ्याकडे ‘अ’ फाइल आहे आणि मी ‘ब’साठी थांबलेय, तुमच्याकडे ‘ब’ आहे आणि तुम्ही ‘अ’साठी थांबलाय. आपण दोघं जन्मभर थांबू. याला डेडलॉक म्हणतात. आयबीएमच्या हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये यावर लेख लिहिला. त्यातला एक उपाय हाच होता, की जे लागणार आहे ते एकदम मागा.

हे आजही चालू आहे. बँकांच्या मेनफ्रेमवर काम करणारे माझे मित्र अजून ‘डिस्प’ लिहितात, आणि “जॉब फाइलसाठी थांबलाय” हे वाक्य त्यांच्या ऑफिसात रोज ऐकू येतं.

त्याच सुमारास, १९६५ मध्ये, एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं या प्रश्नाचा गाभा मांडला: अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असताना कामाच्या एका नाजूक टप्प्यात एका वेळी एकच जण आहे, याची खात्री कशी द्यायची? त्यानं सुचवलेल्या साधनाचं नाव सेमाफोर. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं, तो हात वर-खाली होणारा जुना सिग्नल. आपल्याकडे एकेरी रेल्वेमार्गावर टोकनची पद्धत होती, ती काहींनी पाहिली असेल. पुढच्या स्टेशनपर्यंतच्या मार्गाचं टोकन ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि एका मार्गासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर यायचं. फाइलचं लॉक म्हणजे तेच टोकन.

युनिक्सवाले म्हणाले, लॉक नकोच

आता १९७४. बेल लॅब्समधले डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरचा त्यांचा गाजलेला लेख त्या वर्षीच्या जुलैमध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक परिच्छेद असा आहे की मी तो वाचून अक्षरशः खुर्चीत मागे टेकले. ते म्हणतात की आमच्या फाइल सिस्टिममध्ये वापरणाऱ्याला दिसतील अशी लॉक नाहीतच. कितीही जणांनी एकच फाइल उघडावी, वाचावी, लिहावी. आणि याचं समर्थन ते दोन मुद्द्यांत करतात.

पहिला मुद्दा, लॉकची गरज नाही. कारण अनेक प्रोग्रॅम मिळून एकच मोठी डेटाबेस फाइल सांभाळताहेत, असं आमच्याकडे होत नाही. दुसरा मुद्दा, लॉक पुरेसंही नाही. कारण समजा, दोघं जण एकाच फाइलवर एडिटरनं काम करताहेत आणि तो एडिटर आधी फाइलची प्रत काढून त्या प्रतीवर काम करतो. मग मूळ फाइलला कितीही लॉक लावा, घोळ व्हायचा तो होणारच.

प्रत काढून काम. मी पतसंस्थेत नेमकं हेच केलं होतं! मी जन्मण्याच्या वीसेक वर्षं आधी या दोघांनी माझी चूक लिहून ठेवली होती. फाइल उघडी असेपर्यंतच लॉक तिचं रक्षण करतं. दुपारी काढलेली प्रत संध्याकाळी शिळी झालेली असते, हे लॉकला कळायला काही मार्ग नसतो.

युनिक्सची दुसरी खासियत डिलीट करण्यात आहे. युनिक्समध्ये फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं. खरी फाइल म्हणजे आयनोड नावाची एक नोंद आणि तिच्याशी जोडलेला डेटा. फोल्डरमध्ये असतं ते फक्त नाव आणि आयनोडचा क्रमांक. तुम्ही डिलीट म्हणता तेव्हा नाव पुसलं जातं. पण एखाद्या प्रोग्रॅमनं ती फाइल उघडलेली असेल तर डेटा तसाच राहतो आणि त्या प्रोग्रॅमला काहीही जाणवत नाही. त्यानं फाइल बंद केली की मग जागा मोकळी होते. म्हणून लिनक्सवर किंवा मॅकवर “फाइल वापरात आहे, डिलीट होणार नाही” हे वाक्य विंडोजच्या मानानं फार कमी वेळा दिसतं.

लिनक्सवाले यावरून विंडोजवाल्यांना चिडवतात. पण याचीही किंमत असते. पहिल्या नोकरीत एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली. मी सगळ्यात मोठी लॉग फाइल शोधून उडवली. फाइल गेली, पण डिस्क भरलेलीच! ज्या प्रोग्रॅमनं ती उघडली होती तो अजून तिच्यातच लिहीत होता, फक्त आता तिला नाव नव्हतं. अशा बेनाम फाइली दाखवणारी ‘एलएसओएफ’ ही कमांड त्या रात्री मला एका सीनिअरनं शिकवली. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला तेव्हा कुठे जागा मोकळी झाली.

याहून मोठं उदाहरण एप्रिल २०१४ चं. ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी ओपनएसएसएल या लायब्ररीत सापडली. लिनक्स सर्व्हरवर लायब्ररीची नवी आवृत्ती विनातक्रार बसते, कुठलाही लॉक आड येत नाही. पण आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम जुनी, नाव पुसलेली, त्रुटी असलेली प्रतच धरून बसतात. अपडेट झालं म्हणून निश्चिंत झालात आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायला विसरलात, तर दार उघडंच.

पुढे युनिक्सलाही लॉक घ्यावंच लागलं, कारण रिची आणि थॉम्प्सन यांचा पहिला मुद्दा टिकला नाही. डेटाबेस आले. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये ‘एफलॉक’ आलं, आणि १९८८ च्या पॉसिक्स मानकात दुसऱ्या एका पद्धतीचं लॉक आलं. पण ही लॉक मुख्यतः सल्लावजा. म्हणजे दारावर “आत काम चालू आहे” अशी पाटी असते, कडी नसते. जो पाटी वाचतो तो थांबतो, जो वाचत नाही तो सरळ आत जातो. पॉसिक्सच्या लॉकमध्ये आणखी एक विचित्र नियम आहे: एका प्रोग्रॅमनं तीच फाइल दोनदा उघडली आणि त्यातली एक बंद केली, तर त्याची त्या फाइलवरची सगळी लॉक सुटतात. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप्स ज्या एसक्यूलाइट डेटाबेसवर चालतात, त्याच्या कोडमध्ये या एका नियमाला वळसा घालण्यासाठी बरीच खटपट केलेली आहे.

डॉस, नेटवर्क आणि तो ३२

आता आपल्या मूळ आकड्याकडे. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा त्यावरच्या डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. समोर एक माणूस, एक कीबोर्ड. लॉक कुणासाठी लावणार? पुन्हा रोजकीर्दीसारखंच.

मग ऑफिसात दहा पीसी झाले, ते तारांनी जोडावेसे वाटले, आणि एकाची फाइल दुसऱ्यानं उघडायची वेळ आली. ऑगस्ट १९८४ मध्ये डॉस ३.० आलं. त्यात ‘शेअर डॉट ईएक्सई’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. फाइल उघडतानाच आता सांगता येऊ लागलं की मी असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचं: काहीच नाही, फक्त वाचू द्यायचं, फक्त लिहू द्यायचं, की सगळं चालेल. दुसऱ्यानं या अटीच्या विरोधात फाइल उघडायला घेतली की डॉस नकार द्यायचं आणि एररचा क्रमांक द्यायचं. तो क्रमांक ३२. फाइलच्या एखाद्या तुकड्यावर लॉक असेल तर ३३.

म्हणजे आज विंडोज ११ वर पायथॉनमध्ये दिसणारा ३२ हा डॉस ३.० मधला ३२ आहे. मधल्या काळात प्रोसेसर बदलले, ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून नव्यानं लिहिली गेली, पण आकडा तोच राहिला, कारण जुने प्रोग्रॅम तो आकडा ओळखत होते.

ज्यांनी नव्वदच्या दशकात पीसी हाताळलेत त्यांना ‘ऑटोएक्सेक डॉट बॅट’ फाइलमधली शेअरची ओळ आठवत असेल. वर्ड ६ सारख्या प्रोग्रॅमना ती लागायची. बहुतेकांना ती ओळ काय करते ते माहीत नव्हतं, पण काढली की काहीतरी बिघडायचं.

विंडोज एनटी: न सांगितल्यास बंद

१९८८ मध्ये डेव्ह कटलर डिजिटल इक्विपमेंट कंपनी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आला. तिथे त्यानं व्हीएमएस ही मोठ्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम घडवली होती. व्हीएमएसमध्ये फाइल कशी वाटून घ्यायची याचे नियम काटेकोर होते. त्याच्या नेतृत्वाखाली बनलेलं विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये बाजारात आलं. आज आपण वापरतो ते विंडोज त्याच वंशातलं.

एनटीमध्ये फाइल उघडायच्या मुख्य फंक्शनला एक गोष्ट सांगावी लागते: इतरांना काय काय करू द्यायचं. वाचणं, लिहिणं आणि डिलीट करणं, अशा तीन वेगळ्या परवानग्या. आणि प्रोग्रॅमरनं तिथे शून्य लिहिलं तर अर्थ होतो: कुणालाही काहीही करू द्यायचं नाही.

आमच्या धंद्यातलं एक सत्य सांगते. ज्या रकान्यात काय भरायचं हे कळत नाही, तिथे आम्ही शून्य भरतो. तुमच्या फाइलवरच्या कितीतरी लॉकमागे फाइलची काळजी वगैरे काही नसते. कुणीतरी कधीतरी घाईत भरलेलं शून्य असतं. जे वाचण्या-लिहिण्याची परवानगी देतात, त्यांतलेही पुष्कळ जण तिसरी, डिलीटची परवानगी द्यायला विसरतात. म्हणून फाइल वाचता येते, पण उडवता येत नाही.

चालू प्रोग्रॅमची स्वतःची फाइलसुद्धा विंडोजमध्ये डिलीट होत नाही. मग अपडेट कसं करायचं? उपाय असा काढला की नवी फाइल बाजूला ठेवायची, रजिस्ट्रीत एक चिठ्ठी लिहून ठेवायची की पुढच्या वेळी सुरू होताना ही तिच्या जागी ठेव, आणि माणसाला म्हणायचं, रीस्टार्ट करा. सुरू होताना, इतर कुणी जागं व्हायच्या आत, विंडोज त्या चिठ्ठ्या वाचून फाइली बदलून टाकतं. अपडेटनंतर रीस्टार्ट का मागतात, याचं हे एक मोठं कारण. २००७ च्या व्हिस्टापासून ‘रीस्टार्ट मॅनेजर’ आला. अपडेटच्या आड येणारे प्रोग्रॅम शोधून तेवढेच बंद-चालू करायचा तो प्रयत्न होता. आणि विंडोज १० च्या काळात तर युनिक्ससारखं, नाव लगेच पुसणारं डिलीटही विंडोजमध्ये आलं. म्हणजे दोन घराणी हळूहळू एकमेकांचं शिकली.

धरून कोण बसलंय?

इतिहास झाला. आता तुमच्यासमोर हा मेसेज आला तर काय करायचं, ते ज्या क्रमानं मी करते त्याच क्रमानं सांगते.

पहिलं, अर्धा मिनिट थांबा. नुकतीच डाउनलोड किंवा कॉपी झालेली फाइल असेल तर अँटिव्हायरस ती तपासत असतो, नाहीतर क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम तिला धरून असतो. ते आपणहून सोडतात. फाइल एक्सप्लोररचा प्रीव्ह्यूचा रकाना उघडा असेल तर तो बंद करा. कित्येकदा फाइल धरणारा तोच असतो.

दुसरं, नाव शोधा. विंडोजमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ आधीपासून असतो. त्यात सीपीयूच्या टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’ म्हणून शोधायची जागा आहे. तिथे फाइलचं नाव टाका, धरून बसलेला प्रोग्रॅम दिसेल. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ पासून बनवलेल्या सिसइंटर्नल्सच्या साधनांपैकी ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हेच काम जास्त चांगलं करतो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती साधनं विकत घेतली, आणि आजही ती फुकट मिळतात. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमध्ये ‘फाइल लॉकस्मिथ’ आला. फाइलवर राइट क्लिक करून विचारायचं, की झालं.

तिसरं, फाइल नेटवर्कवरची असेल तर स्वतःच्या मशीनवर शोधून उपयोग नाही. धरणारा दुसऱ्या टेबलावर असतो. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर केलाय तिथे ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘ओपन फाइल्स’ बघा. कुणी काय उघडलंय, युजरच्या नावासकट दिसतं.

चौथं, वर्ड किंवा एक्सेल एखाद्याचं नाव सांगतं आणि तो माणूस तर ऑफिसातच नाही, असं झालं तर त्याच फोल्डरमध्ये लपलेली फाइल शोधा. तिच्या नावाची सुरुवात टिल्ड आणि डॉलरच्या चिन्हानं होते. ऑफिस फाइल उघडताना ही चिठ्ठी ठेवतं, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं, आणि बंद करताना ती काढून टाकतं. मधेच लाइट गेली तर चिठ्ठी तशीच राहते. मूळ फाइल खरोखर कुणाकडेच उघडी नाही, याची खात्री करून मगच ती चिठ्ठी पुसा.

सगळ्यात शेवटी जबरदस्ती. प्रोग्रॅम मारता येतो, सिसइंटर्नल्सच्या साधनांनी एकटं हँडलसुद्धा बंद करता येतं. पण त्या प्रोग्रॅमच्या मेमरीत सेव्ह न झालेलं काम असू शकतं, आणि त्याला न सांगता हँडल काढून घेतलं तर तो फाइलची वाट लावू शकतो. तिथे पोचण्याआधी एकदा स्वतःला विचारायचं: हे काम कुणाचं आहे?

काकूंचा नियम

लॉकच नको, सगळ्यांनी एकदम लिहावं आणि मशीननं ते नीट जुळवून घ्यावं, यावरही जुनं काम आहे. एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये त्याची एक पद्धत मांडली. गूगल डॉक्समध्ये पाच जण एकाच पानावर टाइप करतात, ती त्याच घराण्यातली. तिथे ३२ नंबरचा एरर येत नाही, कारण प्रत काढून नेण्याची गरजच फारशी पडत नाही. रिची आणि थॉम्प्सन यांच्या दुसऱ्या मुद्द्याला खरं उत्तर मिळालं ते तिथे.

बाबांच्या पतसंस्थेत मात्र पुढची तीन वर्षं तीच एक्सेल फाइल राहिली, मग तयार सॉफ्टवेअर आलं. माझ्या त्या प्रतापानंतर काकूंनी एक पद्धत सुरू केली होती. एक जुनी पितळी पेपरवेट होती. पिग्मीची फाइल ज्याच्याकडे उघडी, पेपरवेट त्याच्या टेबलावर. फाइल बंद केली की उठून पुढच्याला द्यायची. प्रत काढून घरी न्यायची असेल तर पेपरवेटही घरी न्यायची, म्हणजे तोवर दुसरं कुणी हात लावणार नाही.

एनटीला न जमलेली गोष्ट त्या पेपरवेटनं केली, प्रतीलासुद्धा लॉक लावलं. काकूंनी कॉम्प्युटर सायन्स शिकलेलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा फॉर्म्युल्याचं काम परत माझ्याकडे आलं. काकू उठल्या, पेपरवेट माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, “झालं की सांग हं. विचारायला दहाच पावलं चालावं लागतं.”

तुमच्या ऑफिसात अशी एखादी पेपरवेट असेल, किंवा फाइल कुणी धरून ठेवल्यामुळे झालेला घोळ असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर फाइली सेव्ह करत राहा. नमस्कार.